सहाव्या मजल्यावरचा निवृत्त माणूस

चौतिसाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो आमच्या जिन्यात. जून महिना होता. पाठीवर गुंडाळलेली गादी, हातात भाताचा कुकर आणि चौथ्या मजल्यावरच धाप लागलेली. मी बाजाराला खाली निघाले होते. बाजूला सरून विचारलं, "कुणाकडे?"

"सहावा मजला. विकत घेतलाय मी," तो म्हणाला. बोलण्यावरून कळलं, पार दक्षिणेकडचा आहे.

"नोकरी लागली का इथं?"

"नाही मावशी. मी निवृत्त झालोय."

मला वाटलं थट्टा करतोय. मी त्याला नीट न्याहाळलं. केस काळेभोर, दात जागच्या जागी. "कुठून निवृत्त? सैन्यात सेनापती होतास की काय?" मी विचारलं. तो हसला, गादी सावरली आणि वर चढू लागला. जाताना म्हणाला, "तुम्ही पाचव्यावरच्या तोंग मावशी ना? दलाल बाईंनी सांगितलंय तुमच्याबद्दल."

काय सांगितलं होतं ते मला नंतर कळलं. ल्वान नावाची ती दलाल बाई दक्षिणेतल्या पोरांना चीनच्या पार उत्तरेतल्या आमच्या हेगांगमधली घरं विकते. सहावा मजला सगळ्यात वरचा, त्यातून उत्तरेचा कोपरा. तो कुणी घेत नव्हतं. तिनं ह्याला सांगितलं, "खालच्या घरात बाई बारा महिने राहते. तिचं घर गरम म्हणजे तुझी फरशी गरम." ह्यानं ते ऐकलं आणि अठ्ठावीस हजार युआन मोजून घर घेतलं. तो जिथून आला त्या शेन्झेनमध्ये तेवढ्यात संडासाएवढी जागाही मिळाली नसती, असं तो मला मोठ्या आनंदानं सांगायचा.

ही पोरं पहिल्यापासून माझ्या डोक्यात जातात. आमचा कोळसा संपत आला, माणसं गेली, शाळा बंद पडल्या, प्रत्येक इमारतीत निम्मी कुलपं. आमचं गाव बुडालं म्हणून ते ह्यांना परवडतं. हे त्यांना तोंडावर कुणी सांगत नाही, कारण त्यांना घरं विकणं आणि मांसाचे तुकडे भाजून खाऊ घालणं एवढाच धंदा आता उरलाय. निवृत्तीचं म्हणाल तर मीही छत्तिसाव्या वर्षी झाले होते. खाणीच्या दिवेघरात मी चौदा वर्षं काढली. खाली उतरणाऱ्याला दिवा द्यायचा, वर आल्यावर परत घ्यायचा, आणि एखादा दिवा परत आला नाही तर आधी आम्हा बायकांना कळायचं. दोन हजार साली एका दुपारी बोलावलं, चौदा वर्षांचे चौदा हजार हातावर ठेवले आणि म्हणाले, सही करा. तेव्हा त्याला निवृत्ती म्हणत नव्हते. मी त्यानंतर रस्त्यावर कणसं भाजली, लोकांची म्हातारी माणसं अंघोळीला नेली, पन्नाशीपर्यंत विम्याचे हप्ते स्वतः भरले, तेव्हा कुठं महिन्याला दोन हजारांची पेन्शन लागली. नवरा फुप्फुसात कोळशाची धूळ साठून गेला. मुलगी शिनहुई तिच्या छोट्या दोदोला घेऊन दूर तिआनजिनला असते.

पण माणूस डोक्यात जातो म्हणून दारात आला तर हाकलता येत नाही. त्याचं नाव क्वांग यीमिंग. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या दाराशी आला तो कोबी कसा निवडायचा हे विचारायला. मग माझ्या फोनमध्ये काहीतरी बिघडलं ते त्यानं नीट केलं. मग मी त्याला जेवायला बसवलं. आंबवलेला कोबी आणि डुकराचं मांस घालून मी रस्सा करते, त्याचे तीन वाडगे त्यानं घामाघूम होत संपवले. जुलैअखेर तो रोज रात्रीचं माझ्याकडेच जेवू लागला. येताना कधी कलिंगड आणायचा, कधी टोफू. आणलेल्याची किंमत मात्र लगेच एका वहीत लिहायचा.

एकदा मी वर गेले तेव्हा त्याची भिंत पाहिली. भिंतीवर हा एवढा मोठा कागद. त्यावर रेघा आखून रकाने केलेले. चौतीस वर्षांपासून ऐंशीपर्यंत प्रत्येक वर्षाची एक ओळ. जवळ पाच लाख युआन. महिन्याला नऊशेच्या वर खर्च नाही. तांदूळ, भाजी, वीज, फोन, वर्षाला दोन सदरे, हिवाळ्याचा खर्च. आजारपणाला वर्षाला पाचशे.

"लग्नाचा रकाना कुठंय रे?" मी विचारलं.

"त्याच रकान्यातून तर बाकीचे सगळे भरलेत, मावशी."

"आणि पाचशेचं आजारपण? पाचशेत तर आमच्याकडे डॉक्टर नुसता तोंडाकडे बघतो."

"मी आजारी पडणारच नाही. मी आजारी होतो तो तिथं." मग त्यानं सांगितलं. बारा वर्षं तो मोबाइलवरच्या खेळांसाठी चित्रं काढायचा. राक्षस, तलवारी, बायकांचे झगे. साहेबाचा फोन केव्हाही यायचा, म्हणून तो अंघोळीलाही फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायचा. "पस्तिशीनंतर तिथं कुणाला ठेवत नाहीत. हाकलण्याआधी आपणच निघालो. आता जन्मात कुणाला 'लगेच करतो साहेब' म्हणणार नाही. एवढंच हवंय मला. दुसरं काही नको."

हे म्हणताना त्याचा चेहरा बघून मी थट्टा सोडली. त्याला खरोखरच दुसरं काही नको होतं. आणि ते मिळणं न मिळणं एका कागदावर अवलंबून होतं, ज्यात एक रकाना चुकला की ऐंशीचे पंचावन्न व्हायचे.

आता हीटिंगचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं. आमच्याकडे ऑक्टोबर ते एप्रिल बॉयलरघराचं गरम पाणी प्रत्येक घराच्या भिंतीलगत फिरतं. त्याची फी घराच्या क्षेत्रफळावर. माझ्या एवढ्याशा घराला दीड हजार, त्याच्या घरालाही तेवढेच. नको असेल तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंदचा अर्ज करायचा, तीनशे भरायचे. मग माणूस येतो, जिन्यातला तुमचा व्हॉल्व्ह फिरवतो आणि त्याला शिक्क्याची चिठ्ठी बांधतो. उणे तीसमध्ये बंद कोण करेल असं बाहेरच्याला वाटेल. पण ज्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे गरम घरं आहेत, त्याला फुकटात ऊब लागते. छत शेजाऱ्याचं, फरशी शेजाऱ्याची. आमच्याकडे अर्धं गाव हेच करतं आणि उरलेलं अर्धं त्यांना शिव्या देतं. एवढाच नियम आहे की एकावर एक असलेली दोन्ही घरं एकदम बंद चालत नाहीत, पाइप फुटतात. जो आधी येईल त्याचा अर्ज घेतात.

इतकी वर्षं माझ्या डोक्यावरचं घर रिकामं आणि बंद होतं, म्हणून मी मुकाट्यानं फी भरत आले. खाली चौथ्यावर जी आडनावाचं कुटुंब आहे, त्यांच्याकडे तान्हं नातवंड, ते घर भट्टीसारखं तापवतात. आणि आता वर क्वांग आला होता.

ऑगस्टच्या शेवटी शिनहुईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आई, दोदोला नाचाच्या क्लासला घालायचं म्हणतेय. सगळ्याच मुली जातात गं. पण घराचा हप्ता भरून काही उरतच नाही."

"किती?"

"राहू दे. तुला कशाला त्रास."

"किती ते सांग ना."

"सहा महिन्यांचे बाराशे."

दीड हजार वजा तीनशे म्हणजे बाराशे. मला कागद लागला नाही, वही लागली नाही. सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी मी हीटिंगच्या खिडकीवर गेले आणि बंदचा अर्ज देऊन आले.  येताना मी स्वतःलाच सुनावलं, की तो स्वतः होऊन इथं राहायला आला, धडधाकट आहे, पाच लाख बाळगून आहे. मला छत्तिसाव्या वर्षी हाकललं तेव्हा कुणी माझी फरशी गरम ठेवली होती? असं म्हटलं की बरं वाटतं.

महिनाअखेर इमारतीच्या दारावर यादी लागली, कुणाकुणाचं बंद. मी ती फाडून कणकेच्या गोळ्यासारखी मुठीत चुरगळली आणि बाजाराच्या कचऱ्यात नेऊन टाकली. व्हॉल्व्हच्या पेटीपुढे आंबवायच्या कोबीची चवड लावून ठेवली. जिन्यात सगळेच कोबी ठेवतात, त्यात काही वावगं दिसलं नसतं.

ऑक्टोबरपासून मी त्याला घरात घेणं बंद केलं. घरात आला असता तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं. जेवणाचा वाडगा मी दारातच हातात द्यायची. "पाहुणे आलेत," एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं, "कंबर धरलीय, पडून राहायचंय." तिसऱ्यांदा काही म्हणावं लागलं नाही. तो स्वतःच उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, दोन्ही हातांनी वाडगा घ्यायचा आणि सकाळी धुऊन आणून द्यायचा. दोन महिने रोज रात्री आम्ही एका टेबलाशी बसत होतो. ते गेलं. मी एकटी कोट घालून जेवायची आणि वर त्याची खुर्ची सरकल्याचं ऐकायची.

नोव्हेंबरात एकदा वाडगा परत देताना त्यानं विचारलं, "मावशी, माझी फरशी इतकी गार का लागते हो? दोन जोड मोजे घालूनसुद्धा तळपाय कळत नाहीत."

"वरचा मजला तो," मी म्हणाले. "सगळी ऊब छतातनं जाते. ल्वाननं फसवलं तुला."

"हं," तो म्हणाला. माझ्या तोंडाकडे बघितलं, जणू आणखी काही ऐकायचं होतं. मग वर गेला.

माझं सोळा अंशांवर भागत होतं. खालून तान्ह्याची ऊब यायची, आणि अंथरुणात विजेची गादी होती. त्याच्या घरी फी भरूनही बारा-तेरा; सहाव्यापर्यंत पोचेतो पाणी कोमट व्हायचं. वरून बर्फाचं छत, बाजूनं उत्तरेची भिंत, खालून मी. त्यानं छोटा विजेचा हीटर आणला, मग बिल पाहून कोपऱ्यात ठेवून दिला. उत्तरेच्या भिंतीवर आतून बर्फ धरायचा, तो चमच्यानं खरवडायचा. तो आवाज मला खाली ऐकू यायचा. डिसेंबरात खोकला सुरू झाला. खोकलाही ऐकू यायचा. मला मन नव्हतं असं नाही. मी दोनदा खिडकीवर जाऊन विचारलं, मध्येच चालू करता येतं का. बाई म्हणाली, येतं, पूर्ण फी आणि वर दंड. बाराशे तोवर तिआनजिनला पोचले होते. दोदोचा गुलाबी झग्यातला फोटोही आला होता. मी दोनदा परत आले.

जानेवारीत सलग दोन दिवस वाडगा परत आला नाही तेव्हा मी वर गेले. दार ठोठावून ठोठावून शेवटी त्यानं उघडलं. तो कोट, टोपी सगळं घालून वर पांघरूण गुंडाळून उभा होता आणि तापानं फणफणला होता. चौथ्यावरच्या जीला हाक मारून आम्ही त्याला खाली नेलं. न्यूमोनिया निघाला. अकरा दिवस तो दवाखान्यात होता. विमा त्याचा दक्षिणेकडचा, इथं चालेना. कागदपत्रं मागवली ती येईनात. शेवटी साडेतेरा हजार त्यानं खिशातून भरले.

मी रोज सूप घेऊन जायची. एका दिवशी डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, "तुम्ही ह्यांच्या कोण? घर फार थंड आहे का ह्यांचं?"

"शेजारीण," मी म्हणाले. आणि सूपाच्या डब्याचं झाकण उघडू लागले. क्वांग माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "वरचा मजला आहे डॉक्टर. ऊब छतातनं जाते."

मला वाटलं, किती भोळं पोर आहे. रात्रभर मला रडू येत राहिलं.

मार्चमध्ये त्यानं घर विकायला काढलं. भिंतीवरचा कागद उतरवताना मी तिथं होते. दवाखान्याचे साडेतेरा हजार म्हणजे त्याच्या हिशोबानं पंधरा महिने. पण पैशांचं तो फारसं बोललाच नाही. म्हणाला, "असा एक हिवाळा आणखी आला तर काय, हे मी आडव्या रेघा मारताना धरलंच नव्हतं. मी धरलं होतं की वर्षं सगळी सारखी असतात." शेन्झेनला परत जाणार होता. चित्रांच्या कंपन्या पस्तिशीच्या माणसाला उभं करत नव्हत्या, म्हणून स्कूटरवरून लोकांची जेवणं पोचवण्याचं काम ठरवलं होतं. उशीर झाला की दर मिनिटाला पैसे कापतात म्हणे, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला साहेब म्हणावं लागतं.

निघायच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. नेहमीसारखा उंबऱ्याबाहेर थांबला. मी म्हणाले, "आत ये." तो आत आला. पाच महिन्यांनी. टेबलाशी बसला आणि त्याच्या श्वासाची वाफ दिसली. मी त्याच्यापुढे उभी राहिले. म्हणाले, "पोरा, माझं बंद होतं. सप्टेंबरपासून. तुझी फरशी—"

"मला माहितीय."

"कुणी सांगितलं? जीनं?"

"कुणी नाही. मी सप्टेंबरातच, बुधवारी गेलो होतो खिडकीवर."

"फी भरायला?"

"नाही," तो म्हणाला. "बंद करायला." आणि जरा हसला. "मी इंटरनेटवर वाचलं होतं, खाली कुणी बारा महिने राहत असेल तर वरच्यांनी बंद केलं तरी चालतं म्हणून. वर्षाला बाराशे, सेहेचाळीस वर्षं. म्हणून तर घर घेतलं, मावशी. तुमच्यामुळे. बाई म्हणाली, तुमच्या खालच्या पाचशे दोनचा अर्ज कालच आलाय, आता तुमचा घेता येणार नाही. मी तिथंच फी भरली आणि आलो."

मी त्याच्यासमोरची खुर्ची ओढली. 

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? फरशी गार लागते म्हणून विचारून बघितलं एकदा. वाटलं, तुम्ही सांगाल. सांगितलं असतं तर मीही सांगितलं असतं." मग म्हणाला, "तुमच्याआधी गेलो असतो, तर दवाखान्यात तुम्ही असता. मी सूप आणलं असतं. आणि डॉक्टरीणबाईंना मीही काही सांगितलं नसतं."

तो पाया पडावं तसा वाकला, बॅग उचलली आणि गेला. जिन्यात त्याची पावलं खालपर्यंत ऐकली. खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. हाही माझ्यासारखाच निघाला, ह्या आनंदानं मी त्या दिवशी पोटभर जेवले. मी वाईट वागले ह्याची लाज मला आधीपासून होती. ती आता निम्मी झाली होती, आणि निम्मी कशानं झाली ह्याची जी लाज वाटते ती अजून गेलेली नाही.

उन्हाळ्यात वरचं घर सिचुआनच्या एका मुलीनं घेतलं. एकतीस वर्षांची, दोन मांजरं, बोलायला गोड. आल्या आल्या तिनं मला तिखट तेलाची बाटली दिली. मी ठरवलं होतं, यंदा भरायचं. दोदोनं नाच सोडलाय, आता तिला पियानो हवाय, पण मी शिनहुईला सांगणार होते, की बाई, माझ्याकडे नाहीत. शब्दही जुळवून ठेवले होते.

सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी खिडकी उघडायच्या आत मी रांगेत होते. माझा नंबर पहिला. मागं वळून पाहिलं तर ती मुलगी नव्हती. अजून आलेली नव्हती.

"पाचशे दोन," आतल्या बाईनं विचारलं, "भरायचं की बंद?"

हातात दीड हजार मोजलेले होते.

"बंद," मी म्हणाले.